डोहातली मोहिनी

शहाद्याला वारा पडला की गोमाई नदीच्या डोहात सगळं शहर उतरतं. घरं, देवळाचा कळस, एसटी स्टँडसुद्धा. ते नुसतं दिसत नाही, तिथं जाताही येतं, हे रुचिकाला ठाऊक होतं. पण ती पडली शहाणी, कधी गेली नव्हती. तिची धाकटी बहीण मोहिनी मात्र त्या दुपारी रुसली आणि थेट गेली.

रुसायचं कारण रोजचंच. मोहिनी जन्माची डावखुरी. आई, म्हणजे प्रतिभाबाई, जेवायला बसताना लाटणं शेजारीच ठेवायची. डावा हात भाकरीकडे गेला की बोटांवर फटका. "जेवना हात वापर," म्हणजे उजवा. आईचं लक्ष नसलं तर चुगली करायला रुचिका होतीच, अगदी तत्पर! आजची चुगलीही तिचीच. काही झालं तरी मोहिनीला घरी आणायलाच हवं होतं.

ती घाटाच्या पायऱ्या उतरत गेली. पाणी अंगाला लागलंच नाही. शेवटच्या पायरीनंतर समोर शहादंच होतं, पण सगळं डाव्याचं उजवं. पाट्यांवरची अक्षरं उलटी, एसटीचं दार भलत्याच बाजूला, आणि आवाज कसलाच नाही. माणसं डाव्या हातानं चहा पीत होती आणि रुचिकाकडे बघून ओळखीचं हसत होती. तिला ते हसू अजिबात आवडलं नाही.

त्यांच्या घरासारख्याच घरात दोन मोहिनी जेवत होत्या. तोच फ्रॉक, तीच वेणी. एक डाव्या हातानं जेवत होती, एक उजव्या. रुचिकानं फार डोकं लावलं नाही. इथली माणसं डावरी, आपली मोहिनी मार खाऊन उजव्यावर आलेली, झालं! तिनं उजव्या हातानं जेवणारीला उठवलं.

"चाल, घर जाऊत."

ती निमूट उठली. दुसरीनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा ताटात मान घातली.

संध्याकाळी प्रतिभाबाईंनी ताटं वाढली. मोहिनीनं उजव्या हातानं भाकरी मोडली, वरणात कुस्करली, एक थेंब सांडला नाही. "शिकनी मन्ही पोर," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

रुचिका मात्र त्या हाताकडे बघत राहिली. धाकानं उजव्याला लावलेली पोर इतक्या सफाईनं कधीच जेवली नव्हती. जन्माच्या डावरीचं प्रतिबिंब जन्माचं उजवंच असणार, हे आत्ता कुठं तिच्या टाळक्यात शिरलं. आई भाकरी आणायला चुलीकडे वळली तशी ती ताट सारून उठली. खरीला आणायचं होतं, आत्ताच्या आत्ता.

"नको जाऊ," शेजारी जेवत बसलेली पोर हळूच म्हणाली. "ती येवाव नही. तठे तिले कोनी मारत नही, आनि चुगलीबी करत नही."