गब्रीएलचं पदरचं वाक्य

लिडिया विधवा होती की सवाष्ण, हे घोडनदीच्या मिशन कंपाउंडात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. फौज म्हणे विधवा, सासू म्हणे सवाष्ण, आणि पाळकसाहेब म्हणत, बघू. या 'बघू'वर तिची तीन वर्षं गेली होती.

तिचा नवरा हेन्री बासष्ट सालच्या चीनच्या लढाईत नेफाच्या डोंगरात गेला तो गेलाच. आधी बेपत्ता म्हणून तार आली. पुढे वर्ष-दीड वर्षानं फौजेनंच तो मेला असं धरलं आणि तसं कळवलं. अंगावरचा कपडा आला नाही, हाड आलं नाही, 'माझ्या डोळ्यांदेखत पडला' असं सांगणारा कुणी सोबतीही आला नाही. अशा मरणावर विश्वास बसणं जडच; पण हळूहळू सगळ्यांचा बसला. माणसांचा काय, कशावरही बसतो. एकट्या कृपाबाईचा बसला नाही.

कृपाबाई म्हणजे हेन्रीची आई. मिशनची बायबलबाई म्हणून तिनं उभा जन्म खेडोपाडी पायपीट केली होती. कंपाउंडातल्या निम्म्या लोकांना अक्षरओळख तिनं करून दिलेली आणि देवाची ओळख तर सगळ्यांनाच. रविवारच्या शाळेत तिचा आवडता धडा देवदूतांचा. पंख, तेज, कर्णे असल्या थाटामाटाचं तिला कौतुक नव्हतं. ती पोरांना दटावून सांगे, "दूत म्हंजी कोन? निरोप्या. त्याला सोताची मर्जी न्हाई. देवानं तोंडात घातलं तेवढंच बोलायचं. एक शब्द कमी न्हाई, आन् एक शब्द पदरचा न्हाई. म्हनून तर त्याचा शब्द खाली पडत न्हाई. त्याच्या पाया पडू नगा, त्याला नवस बोलू नगा. पर त्यो बोलला की गप ऐकायचं." पोरं माना डोलवत. त्या पोरांत येशुदासही असे, आणि तोही मान डोलवत असे.

हा येशुदास पुढे मिशनच्या शाळेत ड्रिल मास्तर झाला. उंचापुरा गडी, आणि आवाज असा की त्यानं मैदानात 'सावधान' म्हटलं की नदीपल्याडची गुरं माना वर करत. त्यामुळं नाताळच्या नाटकात गब्रीएल दरसाल तोच. बांबूच्या कामट्यांवर मड्डमसाहेबांची जुनी मच्छरदाणी ताणून त्याचे पंख केलेले होते. नाटक झालं की दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गाणारी मंडळी फेरीला निघत. ज्या घरात कुणी आजारी, म्हातारं, दुःखात असेल, त्या घराच्या उंबऱ्यात गब्रीएल उभा राही आणि एकच वाक्य म्हणे, भिऊ नका, मी मोठ्या आनंदाची बातमी आणली आहे. बस्स. मग गाणं, मग शेव-चिवडा, मग पुढचं घर.

तार आली त्या साली ही फेरी कृपाबाईच्या दारात आली. लिडिया चुलीपाशी होती. तिच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. म्हातारीनं अंथरूण धरलेलं, अन्नपाणी टाकलेलं. गब्रीएलनं आपलं वाक्य म्हटलं. म्हातारी हातांवर रेटा देऊन उठून बसली आणि तिनं विचारलं, "माझा हेन्री जिता हाय का?"

आता येशुदासनं काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. गाणाऱ्यांना खूण करायला हवी होती. हे सांगायला आपलं काय जातं! जिनं हात धरून अक्षरं गिरवून घेतली ती बाई समोर वाळून काटकी झालेली, आणि आपल्या पाठीला पंख. येशुदास बोलून गेला, "भिऊ नको. तुझा मुलगा जिवंत आहे. तो परत येईल." एरवी तो तिला 'बाई, तुम्ही' म्हणे, त्या दिवशी 'तू' म्हणाला, दूत म्हणतात तसं. गाणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हातारी मात्र उठली, तोंड धुतलं आणि तिनं भाकरी मागितली. लिडियाला त्या घटकेला येशुदासचे पाय धरावेसे वाटले होते, हेही सांगितलं पाहिजे.

त्या एका वाक्यावर म्हातारी जगली, आणि त्याच वाक्याखाली सून दबली.

पासष्ट सालच्या दसऱ्याच्या सुमाराला लिडियाला जॉर्जनं विचारलं. जॉर्ज दौंडच्या लोको शेडात फिटर होता. बायको बाळंतपणात गेलेली, पदरात एक लहान मुलगी. त्याची बहीण मरियम कंपाउंडातच राही, तिच्याकडे तो यष्टीनं येई. बोलणं मोजकं, पण लिडिया बोलू लागली की हातातला कप खाली ठेवून ऐके. लोक म्हणतात तरण्या बाईला आधार हवा असतो. आधार राहू द्या. तिला तो माणूस हवा होता. त्याच्या नखांतलं काळं ग्रीससुद्धा तिला चालणार होतं.

पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत बसले. "कायद्यानं तू मोकळी आहेस, लिडिया. पण कृपाबाईचं काय? तिनं एकदा हेन्रीची स्मरणोपासना होऊ दिली, की पुढच्याच रविवारी मी मंडळीपुढं तुमच्या लग्नाची जाहिरात वाचतो, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. नाहीतर मी वाचायचो, आणि ती भर उपासनेत उठून म्हणायची, हिचा नवरा जिवंत आहे. मंडळी कुणाचं ऐकेल, सांग बरं?" मंडळी कुणाचं ऐकेल हे लिडियालाही ठाऊक होतं.

तिनं घरी विषय काढून पाहिला. म्हातारी सुपात ज्वारी पाखडत होती. "स्मरन मेल्याल्या मानसाचं करत्यात," ती म्हणाली. "दूतानं सांगितलंय, जिता हाय. तू बी व्हतीस की तितं." आणि तिनं सूप झटकलं.

मग लिडिया येशुदासकडे गेली. त्या नाताळानंतर त्यानं पंखांना हात लावला नव्हता. घसा बसतो म्हणून सांगून गब्रीएल दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घातला होता. लिडियाला दारात बघूनच त्यानं ओळखलं. "येतो वहिनी," म्हणाला, "कवातरी यायचंच व्हतं." आणि टोपी हातात घेऊन तसाच तिच्याबरोबर आला.

"बाई," तो कृपाबाईसमोर उभा राहून म्हणाला, "त्या दिशी मी पदरचं बोललो. मला कुनी सांगितलं न्हवतं. तुमच्याकडं बघवंना, म्हनून बोललो. माफी करा."

म्हातारीनं मान वर केली. "येशा, तुझ्या बोलन्यावर मी कवा इस्वास ठिवला रं? शाळंत असताना दुसऱ्यांच्या पेन्सली चोरायचास तू. मी तुझं न्हाई ऐकलं. मी दूताचं ऐकलं. जा, घरी पोरं वाट बघत असतील."

येशुदास बाहेर येऊन पायरीवर मटकन बसला. माणूस म्हणून आला, तर माणसाचं कोण ऐकतं! लिडिया त्याच्याशेजारी उभी राहिली आणि तिच्या डोक्यात ते आलं. ज्यानं सांगितलं, त्यानंच येऊन मागं घ्यावं.

"पाप हाय हे, वहिनी," येशुदास म्हणाला.

"मग पहिलं काय होतं?" लिडिया म्हणाली. येशुदासनं टोपी डोक्यावर घातली आणि शाळेची वाट धरली.

पंख शाळेच्या कपाटात होते. उंदरांनी मच्छरदाणी कुरतडलेली. लिडियानं शिवणवर्गातून दोरा आणला आणि भोकं सांधली. सांधताना मनात एक लहान आशाही होती. खोटं कशाला बोला. दौंडला रेल्वेच्या चाळीत जॉर्जच्या खोलीला मागं खिडकी आहे, असं मरियम म्हणाली होती. त्या खिडकीला पडदा शिवायचं तिनं मनातल्या मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

रविवारी दुपारी, कंपाउंड जेवून आडवं झालं असताना, गब्रीएल दुसऱ्यांदा त्या उंबऱ्यात उभा राहिला. कृपाबाई खाटेवरून उठली. ती ताठ उभी राहिली, पदर नीट केला आणि हात जोडले नाहीत. दूतापुढं जोडायचे नसतात.

"कृपाबाई," येशुदास म्हणाला. मैदान हलवणारा तो आवाज, पण निम्माच निघाला. "भिऊ नको. तुझा मुलगा देवाजवळ आहे. तो परत येणार नाही. त्याला जाऊ दे. आणि या मुलीलाही जाऊ दे."

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग शाळेत धडा विचारावा तसं ती म्हणाली, "शास्त्रात काय लिवलंय? सर्गातला दूत जरी आला, आन् आधी दिल्याली सुवार्ता मोडून निराळीच सांगाया लागला, तर त्याला काय म्हनायचं?"

येशुदास पांढरा पडला. वचन त्याला पाठ होतं. तिनंच करून घेतलेलं.

"म्हन की."

"शापित," येशुदास म्हणाला.

"मग जा."

तो गेला. पंख काढायचंही भान त्याला उरलं नाही. भर उन्हात तसाच, पंखांसकट, मैदान ओलांडून गेला. त्यानंतर तो उपासनेला येई, पण मागच्या बाकावर बसे, आणि प्रभुभोजनाचं ताट समोर आलं की खाली मान घालून ते पुढं सरकवी. त्याची समजूत घालायला पाळकसाहेब दोनदा त्याच्या घरी गेले, पण स्वतःच्याच तोंडानं शापित म्हटलेल्या माणसाची समजूत कोण घालणार?

इकडे कृपाबाईनं दार लावून घेतलं आणि खाटेवर बसली. "पंखाला टाकं तू घातलंस," ती म्हणाली.

लिडियानं तिच्या पाठीशी उशी सरकवली.

"मला काय खुळी समजलीस व्हय गं? पयल्या दिशीच मला ठावं व्हतं, त्यो येशा हाय म्हनून. त्याच्या तोंडाला इडीचा वास येत व्हता. दूत काय इड्या वढत्यात?"

"मग का, आत्याबाई?" लिडियाचा आवाज चढला. "ठाऊक होतं, तर मला का असं बांधून घातलंत?"

"मग काय करू?" म्हातारी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तार आली तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. "उभा जलम देवाचा निरोप दारोदार न्हेला मी. उन्हात न्हेला, पान्यात न्हेला, लोकांनी कुत्री अंगावर घातली तरी न्हेला. आन् माझ्या दारी निरोप घिऊन कोन आलं? येशा! देवानं एक दूत धाडला न्हाई गं. मेला म्हनून सांगायला बी न्हाई धाडला. मग जे आलं तेच धरलं मी." तिनं लिडियाचं मनगट पकडलं. "तू जा. तुला अडवत न्हाई मी. पर तू हेन्रीला मेला म्हनलीस, की मग त्यो मेला. दोघी म्हनतोय तवर जिता हाय. मी एकलीनं कसं म्हनू? माझ्यात न्हाई त्येवढा दम उरला."

म्हातारीच्या श्रद्धेशी लिडिया भांडू शकली असती, वर्षभरही भांडली असती. श्रद्धा नाहीच असं कळल्यावर भांडायचं कुणाशी? मनगट सोडवून घेणं मुळीच कठीण नव्हतं. म्हातारीच्या हातात जोर कुठला! पण मनगट तिनं सोडवलं नाही.

शनिवारी जॉर्ज आला. ती त्याला यष्टी स्टँडवरच भेटली, कंपाउंडात येऊ दिलं नाही. दौंडची परतीची गाडी लागलेलीच होती.

"पाळकसाहेब काय म्हणाले?" जॉर्जनं विचारलं.

"मी त्यांना जाहिरात वाचू नका म्हणून सांगितलं. माझा नवरा जिवंत आहे."

हा माणूस ओरडला असता, भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यानं हळूच विचारलं.

"कुणी नाही," लिडिया म्हणाली. "मीच म्हणते."

कंडक्टरनं घंटी मारली. जॉर्ज गाडीत चढला, खिडकीशी बसला आणि गाडी वळेपर्यंत तिच्याकडे पाहत राहिला. लेंटचे उपासाचे चाळीस दिवस संपल्यावर त्यानं खुटबावच्या एका मुलीशी लग्न केलं, आणि बरंच केलं. त्याच्या लेकराला आई हवी होती.

ती घरी आली तेव्हा म्हातारी दारात उभी होती. ती सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली, भ्यायलेल्या पोरासारखी.

"येईल, आत्याबाई," लिडिया म्हणाली, आणि पदर खोचून चुलीकडे वळली.