कायतानने घरात आणलेला म्हातारा

आधी होळकरांच्या फौजेने लूट केली आणि तिच्या पाठोपाठ दुष्काळ आला. त्या वर्षी पुण्यात परगावची माणसं रस्त्याच्या कडेला टेकत आणि बसल्या जागी मरत.

कायतान पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होता. बाप गोव्याहून चाकरीला आलेला, तेव्हापासून घर इथेच. किरिस्तांव शिपायांसाठी सरकारने दिलेल्या जागेवर मातीची लहानशी इगर्ज, त्यांचं प्रार्थनाघर, होती. पाद्री कधीमधी गोव्याहून येई, तेव्हाच मिस्सा होई; एरवी रविवारची प्रार्थना कायतान म्हणे. आवाज भरदार. तो गायला लागला की बायका पदराने डोळे टिपत, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्या साली उपवासाच्या दिवसांत पाद्री आला. उपदेश करता करता तो थांबला आणि म्हणाला, "बाहेर भिंतीला टेकून माणसं मरताहेत. त्यांना ओलांडून तुम्ही आत आलात. ही असली उपासना देवाने ठेवायची कुठे?"

कायतानच्या ते जिव्हारी लागलं. बाहेर पडताना भिंतीशी एक म्हातारा निपचित पडलेला दिसला. त्याने सगळ्यांदेखत त्याला पाठुंगळीला घेतलं आणि घरी आणलं.

त्याची बायको रुजाय दारातच आडवी उभी राहिली. "अहो, घरात लेकरू आहे. याला मोडशी झालीय, जुलाब-ओकाऱ्या लागल्यात. वास नाही का येत?"

"मग काय, परत टाकून येऊ?"

"टाका कशाला? ओसरीवर निजवा. मी तिथे पेज देते, धुते, पुसते. पण आत नको."

गल्लीतली माणसं बघत होती. ओसरीवर ठेवलं तर अर्धवटच केल्यासारखं होईल, असं कायतानला वाटलं. त्याने रुजायला बाजूला सारलं आणि म्हाताऱ्याला आत नेऊन निजवलं.

म्हातारा दोन दिवस जगला. कायतानने त्याची घाण काढली, अंग पुसलं. त्यात त्याने कसूर केली नाही. पण तो चाकरीवर गेला की म्हातारा पाणी मागे, आणि रुजाय विहिरीवर असली की त्यांची सहा वर्षांची लेक लुसू आपल्या चंबूने त्याला पाणी पाजी. मग उरलेलं स्वतः पिई.

म्हाताऱ्याला मूठमाती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे लुसूला ओकाऱ्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. "आई, पाय दुखतात," एवढंच म्हणत राहिली. दिवेलागणीला ती गेली.

रुजायने नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढी, पाणी ठेवी आणि भिंतीकडे तोंड करून बसे. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कायतानला वाटे.

पुढच्या रविवारी तो इगर्जीत उभा राहिला. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. लोक वाट बघत राहिले. शेवटी तो तसाच बाहेर आला. भिंतीशी एक तरुण बाई पडली होती. तिने हात पुढे केला. कायतानने पाय मागे घेतला, तिला वळसा घातला आणि झपझप चालत घर गाठलं.

 ऊन कलल्यावर तो चुलीपाशी येऊन उभा राहिला. "आज एक बाई होती तिथे. मी तिला तशीच टाकून आलो."

रुजाय पेज ढवळत होती. तिने पळी थांबवली. मग म्हणाली, "जिवंत आहे?"

"सकाळी होती."

तिने मडकं उतरवलं, फडक्यात धरलं आणि उठली. दारात वळून म्हणाली, "मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. मी ओसरीवर ठेवा म्हटलं होतं. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"मग कशाला जातेस?"

"तिला भूक लागली असेल."

कायतान मागोमाग गेला. बाई अजून होती. रुजाय धुळीतच मांडी घालून बसली. "डोकं उचलून धरा तिचं, नाहीतर ठसका लागेल." कायतानने डोकं धरलं. रुजाय पळी पळीने पेज पाजत होती.  कायतानच्या ओठांवर प्रार्थनेचा एकही शब्द आला नाही. त्याचं सगळं लक्ष त्या बाईच्या गळ्याकडे होतं, घोट खाली उतरतोय की नाही याकडे.

इगर्जीच्या मागे त्यांनी पेंढ्याचं छप्पर घालून तिला ठेवलं. रुजाय रोज पेज नेई आणि येताना लुसूला पुरलं होतं त्या मातीपाशी थांबे. कायतान तेव्हा लांब उभा राही.

बाई जगली. पावसाळ्याच्या तोंडावर ती आपल्या गावी निघाली, तेव्हा रुजायच्या पाया पडली. रुजायने तिला उठवलं आणि तिच्या पदरात चार मुठी जोंधळे बांधले. बाई दिसेनाशी झाली, तशी रुजाय रस्त्यातच खाली बसली आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

कायतान तिच्या शेजारी बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.