यानाच्या नाकावरचं कुंकू

जन्मभर पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये डाग न्याहाळून पोट भरलेल्या बाईला कुठे डाग दिसला, की तिचा पाय पुढे सरकत नाही. प्रमोदिनीबाईंचं तसंच झालं. कॅनडात, टोरोंटोजवळच्या व्हिटबीतल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये जुन्या पुस्तकांचा सेल लागला होता. बाई तिथे आल्या होत्या नुसत्या पाय मोकळे करायला, कारण नव्या काँडोत, म्हणजे फ्लॅटमध्ये, एकटीने भिंतींशी बोलून बोलून किती बोलणार? पण टेबलावर जाड पुठ्ठ्याचं एक मोठं पुस्तक पडलं होतं आणि त्यावर डाग होता.

पुस्तकाचं नाव ‘आउटपोस्ट झेनिथ अ‍ॅन्युअल १९७९’. त्या काळी टीव्हीवर अंतराळवीरांची ही मालिका लागायची आणि पोरं तिच्यापायी वेडी झाली होती. दरवर्षी नाताळच्या आधी तिच्यावर असं पुस्तक निघायचं. चित्रकथा, कोडी, नटनट्यांचे फोटो, थोडक्यात पोरांचा दिवाळी अंकच म्हणा ना. मुखपृष्ठावर एक चंदेरी यान झेपावत होतं आणि त्याच्या नाकावर तांबडा-पिवळा डाग पडला होता.

“सॉरी हं,” सेलवरचे म्हातारेबुवा इंग्रजीत म्हणाले, “मी साबणाच्या पाण्याने पुसायला गेलो, तर पिवळं होतं तेही कडेने लाल झालं.”

बाईंचे डोळे लकाकले. साबण लागला की लाल होणारा पिवळा डाग त्यांनी लग्नकार्यांनंतर साड्या धुताना कितीदा तरी पाहिला होता. हळद! आणि तिच्याखालचं तांबडं म्हणजे कुंकू. व्हिटबीत, चर्चच्या तळघरात, इंग्रजी पोरांच्या पुस्तकाला हळदकुंकू कोणी वाहिलं? त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि घर गाठलं.

परवावर दसरा होता. दसऱ्याला पुस्तकं पूजतात, तेव्हा कोडं अर्धं तिथेच सुटलं. पण बाईंनी यंदा दसरा करायचाच नाही असं ठरवलं होतं, आणि पूजेच्या सामानाचं खोकं काँडोत आल्यापासून उघडलंसुद्धा नव्हतं. त्यांचे यजमान, चंद्रकांतराव, गेल्या हिवाळ्यात गेले. माणूस पक्का इंजिनिअर आणि त्याहून पक्का नास्तिक. दर दसऱ्याला बाई गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावायच्या आणि दर दसऱ्याला चंद्रकांतराव कामावर निघण्याआधी ते पिवळ्या फडक्याने गोल गोल पुसून टाकायचे. “पेंट खराब होतो, बाई,” एवढंच म्हणायचे. त्यावरून भांडणं झाली, अबोले झाले. परक्या देशात देवापुढे आपण जन्मभर एकटीनेच हात जोडले, ही गोष्ट बाईंना फार लागली होती. आणि आता तर पुसणाराही उरला नाही, मग लावायचं कोणासाठी?

पण जित्याची खोड. घरी येताच बाईंनी भिंग काढलं आणि डाग बघून टोरोंटोच्या जुन्या मैत्रिणीला, शोभाताईंना फोन लावला. त्या काळी या भागात मराठी घरं ती किती, बोटांवर मोजण्याइतकी.

“आमच्याकडचं नाही गं,” शोभाताई म्हणाल्या, “आमच्या उन्मेषला हॉकीपुढे पुस्तक दिसायचंच नाही. आपल्या कस्तुरीला विचार, तिची पोरं वाचायची.”

“विचारलं. तिचं नाही. आणि ऐक ना, हे कुणा बाईचं कामच नव्हे. चांगल्या जाड अंगठ्याचा ठसा आहे. आधी कुंकू आणि वर हळद! आपण कधी असं करू? कुणातरी नवशिक्या पुरुषाने केलंय.”

“मग तुमच्याकडचंच नसेल ना?”

“आमच्याकडचं? ह्यांनी जन्मात कुंकवाला हात लावला नाही, पुसण्यापलीकडे.”

फोन ठेवून बाईंनी पुस्तकाचा फोटो मॉन्ट्रियलला मुलाला पाठवला, नुसता गंमत म्हणून. शंतनूचा व्हिडिओ कॉल लगेच आला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण चेहरा नऊ वर्षांच्या पोराचा झाला होता.

“आई, व्हेअर डिड यू गेट धिस? धिस इज माइन!”

“तुझं कसं असेल? मी दसऱ्याला तुझं गणिताचं पुस्तक ठेवायची.”

“एक्झॅक्टली. मला हे ठेवायचं होतं, अँड यू सेड नो. सरस्वतीपुढे असलं थिल्लर काही नको म्हणालीस. मग तू हॉस्पिटलला ड्यूटीवर गेलीस आणि मी रडत बसलो. सो बाबा टुक मी टू द बेसमेंट. तुझा करंडा आणला, वर्कबेंचवर हे ठेवलं आणि यानाच्या नाकाला कुंकू लावलं. म्हणाले, तुझी आई गाडीला लावते ना? मग हेही वाहनच आहे.”

बाईंनी भिंग पुन्हा त्या अंगठ्यावर धरलं.

“आय आस्क्ड हिम, बाबा, पुसायचं नाही का? पेंट खराब होईल ना?” शंतनू हसला. “तर म्हणाले, ही आकाशातली गाडी, हिला लांब जायचंय. असू दे.”

“आणि मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही?”

“प्रॉमिस घेतलं होतं. म्हणाले, कळलं तर तुझी आई जन्मभर बोलून दाखवेल.”

ते मात्र खरं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चंद्रकांतरावांनी ते पुस्तक आपल्या इंजिनिअरिंगच्या जाडजूड पुस्तकांमध्ये जपून ठेवलं होतं, आणि जुनं घर सोडताना बाईंनीच ती खोकी न उघडता डोनेशनच्या गाडीत चढवली होती. नशीब, ते पुस्तक फिरून त्यांच्याच पुढ्यात आलं.

दसऱ्याला बाईंनी पूजेचं खोकं उघडलं. पाटावर अ‍ॅन्युअल ठेवलं आणि त्या जाड अंगठ्याशेजारी आपल्या अनामिकेने आधी हळद, मग कुंकू लावलं. वाचायला हात शिवशिवत होते, पण पूजेतलं पुस्तक त्या दिवशी उघडत नाहीत. मग खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या बॉनेटलाही बोट लावून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शंतनूला द्यायला पुस्तक पिशवीत घालून खाली उतरल्या. बॉनेटवरचं कुंकू जसंच्या तसं होतं. पुसलं म्हणून ज्या बाईने उभा जन्म भांडण केलं, तिला आज ते कोणी पुसलं नाही म्हणून रडू फुटलं. गाडीच्या दाराला धरून त्या पोटभर रडल्या.

मग त्यांनी गाडीच्या कप्प्यातून चंद्रकांतरावांचं पिवळं फडकं काढलं, बॉनेटपर्यंत नेलं आणि हात थांबवला. शंतनू ट्रेनने ये म्हणाला होता, पण बाईंनी कधी कोणाचं ऐकलं होतं? अजून बर्फ पडला नव्हता, रस्ते कोरडे होते.

“हिला लांब जायचंय,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “असू दे.”

फडक्याने त्यांनी आपले डोळे पुसले, फडकं शेजारच्या सीटवर अ‍ॅन्युअलपाशी ठेवलं आणि गाडी मॉन्ट्रियलच्या रस्त्याला लावली.