खुंट्याची परीक्षा

आमच्या फेरात सगळ्यांत अवघड काम माझ्या बाबांचं. ते फेरात काहीच करत नाहीत.

हे सांगितलं की लोक हसतात आणि माझी तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून एकदाच नीट सांगते. फेर म्हणजे आमच्या आळीचा नाच. चोवीस जण गोल धरून नाचतात आणि मधोमध एक जण उभा राहतो, त्याला खुंटा म्हणतात. ढोल सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत, म्हणजे चांगले तीन तास, खुंट्याने हलायचं नाही. मान वळवायची नाही, पाय बदलायचा नाही, नाकावर माशी बसली तर तिला बसू द्यायचं. पापणी लवलेली चालते, आमची माणसं तितकी दुष्ट नाहीत. पण खुंटा जागचा हलला की फेर सुटतो. आजोबांच्या आधीचा खुंटा एकदा शिंकला होता. चोवीस माणसं नाचत नाचत मैदानाबाहेर पडली, पूल ओलांडून गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांबच्या एका गावात पाण्याच्या टाकीभोवती नाचताना सापडली. त्यांतल्या एकाने तिथेच लग्न केलं. त्याची नातवंडं अजून दरवर्षी आम्हाला पत्र पाठवतात आणि त्या शिंकेचे आभार मानतात.

बाबांचा धंदा कुलपं दुरुस्त करायचा. दुकान जिन्याखाली, इतकं अरुंद की आत बसलेल्या माणसाला मनात आलं तरी वळता येत नाही. बाबांना ते फार सोयीचं वाटतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मी बसमध्ये कंडक्टर आहे. लहानपणापासून माझ्या पायाला भिंगरी, म्हणून नावही भिंगरीच पडलं. मी ताट हातात घेऊन फिरत फिरत जेवते. आणि खुंटेपण घराण्यात चालत येतं, म्हणजे बाबांनंतर मी. त्यामुळे बाबांनी शंभर वर्षं जगावं अशी आमच्या आळीतल्या प्रत्येकाची मनापासून इच्छा आहे.

बाबांनी मला शिकवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. डोक्यावर किल्ली ठेवून मला दाराला टेकवून उभं करायचे. माझा उच्चांक चार मिनिटं अकरा सेकंद. त्यातही शेवटचे अकरा सेकंद बाबांनी प्रेमापोटी धरले होते.

तर यंदा लोककला कार्यालयातून एक साहेब आमचा फेर तपासायला आले. त्यांच्या हातात बोटाने दाबलं की आकडा एकाने वाढतो तसलं छोटं यंत्र होतं. नाच सुरू असताना ते ढोलाकडे नाही की नाचणाऱ्यांच्या तोंडाकडे नाही, नुसते पायांकडे बघून टिकटिक करत राहिले. आम्ही त्यांचं नाव मोजणीसाहेब ठेवलं. महिन्याभराने पत्र आलं. माझे मामा, म्हणजे आमचे ढोलवाले आणि फेराचे प्रमुख, यांनी ते दुकानासमोर मोठ्याने वाचलं.

"अर्जात नमूद नर्तक पंचवीस. प्रत्यक्ष नाचताना आढळले तेवीस. एक नर्तकी मयत असल्याचे कळते. मयतांसाठी स्वतंत्र नमुना असून तो भरून द्यावा. एक इसम मधोमध विनाकारण उभा असल्याचे आढळले. सदर इसमाने कार्यालयात समक्ष हजर राहून किमान तीन पदन्यास करून दाखवावेत. अन्यथा त्यास वगळून नाचाची नोंद करण्यात येईल."

नोंद झाली नाही तर मैदान मिळणार नाही. आणि बाबांना वगळून नोंद झाली तर मैदान मिळून काय उपयोग?

"विनाकारण उभा," बाबा म्हणाले. एवढंच म्हणाले. हातातलं कुलूप त्यांनी तीनदा उघडलं आणि तीनदा लावलं. बाबांच्या हिशेबाने हा आकांत होता.

"दाजी, तीन पावलं टाका की," मामा म्हणाले. "बंद खोलीत. कोण बघतंय?"

"फेर बघतो."

"खुंटा हलवून बळकट करतात असं ऐकलं होतं," मामा पत्राची घडी घालत म्हणाले. "हे हलवून उपटायलाच निघालेत."

आता त्या मयत नर्तकीबद्दल. ती माझी आई. फेरात ती सतरावी. आमच्यात कुणी गेलं की त्याची जागा रिकामी ठेवून नाचतात, आणि ती कुणी भरायची ते खुंटा सांगतो. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, बाबांनी अजून कुणाचं नाव घेतलेलं नाही. सोळावा आणि अठरावी यांच्यात एका माणसाची मोकळी जागा अजून गोल गोल फिरते.

त्या रात्री जेवताना मी तावातावाने स्वयंपाकघरात फेऱ्या मारत होते, तेव्हा बाबा म्हणाले, "एक्केचाळीस वर्षांत मी अर्धाच फेर पाहिलाय, माहितीये? समोरचा. पाठीमागचा कधी दिसला नाही. तुझी आई उजव्या खांद्यापाशी दिसेनाशी झाली की जीव टांगणीला लागायचा. मग डाव्या खांद्यापाशी परत यायची. दर वेळी यायची. तरी दर वेळी टांगणीला."

"आणि आता?"

"आता जागा येते," बाबा म्हणाले. "तीही दर वेळी येते."

मी ताट खाली ठेवलं. मला रडू येत होतं आणि उभ्या उभ्या रडायची मला सवय नाही, म्हणून मी गच्चीवर जाऊन चकरा मारत रडले.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. एक लांबलचक खोली, भिंतीकडेने टेबलं, टेबलांमागे कपाटं, मधे मोकळी फरशी. मामांचा ढोल खालच्या पहारेकऱ्याने ठेवून घेतला होता. कार्यालयात वाद्य आणायला मनाई होती. लोककला कार्यालयात. बाबा खोलीच्या मध्यावर गेले, दाराकडे तोंड केलं आणि उभे राहिले. घड्याळात अकरा वाजले होते.

मोजणीसाहेब यंत्र घेऊन समोर बसले. दहा मिनिटं गेली.

"सुरू करा," साहेब म्हणाले.

"सुरू आहे," बाबा म्हणाले.

साहेबांनी मान पुढे काढून बाबांच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही बसा निवांत. तीन तास लागतात."

भिंतीकडच्या एका टेबलावर एक बाई कागदांवर शिक्के मारत होत्या. ठक, ठक-ठक. ठक, ठक-ठक. मामांनी कान टवकारले. बाबांनीही तो ठेका धरलेला मला दिसला. कसा दिसला ते विचारू नका, एक्केचाळीस वर्षं ठेक्यावर उभा राहणारा माणूस आणि बस थांब्यावर उभा राहणारा माणूस यांत फरक असतो. बाबा आता शिक्क्याच्या ठोक्यावर उभे होते.

साडेअकराला शिपाई चहाचे कप घेऊन निघाला. एरवी तो खोलीतून सरळ जात असणार. आज मधे बाबा, म्हणून तो वळसा घालून गेला आणि पलीकडे थांबायचं विसरून आणखी एक वळसा घालून आला. मग फायली घेतलेला एक कारकून त्याच्या मागे लागला. कुणीतरी बाई अर्ज कुठे द्यायचा ते विचारायला आल्या, त्या कारकुनाच्या मागून गेल्या. बारा वाजेपर्यंत नऊ माणसं फिरत होती. सगळी एकाच दिशेने, बाबांच्या डावीकडून उजवीकडे. मामांना राहवेना, तेही शिरले. शिक्केवाल्या बाई शिक्का आणि पॅड हातात घेऊन उठल्या आणि जो पुढे असेल त्याच्या पाठीवर कागद ठेवून ठक, ठक-ठक करू लागल्या. कामाचा खोळंबा म्हणून नाही. उलट मामा म्हणाले की या कार्यालयात इतक्या झपाट्याने फायली फिरलेल्या त्यांनी आजवर पाहिल्या नव्हत्या.

"हे काय चाललंय?" साहेब ओरडले.

"साहेब, अर्जातल्या पंचवीस नावांतलं हे एक, त्याचं काम चाललंय," मी म्हटलं.

"पण ते स्वतः काही करत नाहीयेत! मागच्या बाजूने काही करतात का बघतो," असं म्हणून साहेब उठले आणि बाबांच्या मागे गेले. ते डाव्या बाजूने बाहेर आले, तेव्हा त्यांच्या पुढे दुसरा एक कारकून होता आणि मागे शिपाई. बाहेर पडायला फटच नव्हती. मग काय, साहेब फिरत राहिले. फेरीगणिक समोर आले की बाबांचे पाय न्याहाळायचे आणि पुढे जायचे. अशी ती चौदा माणसं झाली.

दोन वाजले तरी थांबायचं कुणाला सुचेना. खुंटा उभा आणि ठेका चालू म्हटल्यावर थांबणार तरी कसं? तीन वाजले. चार वाजले. बाबा मैदानात तीन तास उभे राहायचे, इथे पाच होऊन गेले. आणि त्यांचं वय अडुसष्ट.

साडेचारला मला त्यांचा उजवा गुडघा दिसला. तो थरथरत होता.

साहेबांनाही दिसला. "टिक!" यंत्र वाजलं. "एक! एक पदन्यास झाला!" साहेबांना खरोखर आनंद झाला होता. माणूस वाईट नव्हता हो, तीच तर पंचाईत.

"तो नाच नव्हता," बाबा ओठ न हलवता म्हणाले.

"हललात तुम्ही!"

"गुडघा हलला. मी नाही."

साहेब मागे गेले, पुन्हा समोर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आजोबा, हट्ट कशाला करता? आणखी दोनदा थरथरा. मी पास करतो तुम्हाला."

मी बाबांचं तोंड बघितलं. आईला नेलं त्या दिवशीही ते असं झालं नव्हतं. एक्केचाळीस वर्षं जे पाय ढिम्म हलले नाहीत त्यांची कुठे नोंद नाही, आणि आता दमून लटपटले तर त्यावर शिक्का बसणार. मला त्या यंत्राचा चेंदामेंदा करावासा वाटला. पण गुडघा आता थांबत नव्हता. दुसरी टिक कधीही वाजली असती.

"भिंगरी, ये," बाबा म्हणाले.

खुंटा बदलायचा तर फेर चालू असतानाच बदलायचा. नव्याने जुन्याच्या पाठीला पाठ लावायची नाही, समोर उभं राहायचं, त्याच दिशेला तोंड करून, टाचेला त्याचा अंगठा लागेल असं. मग जुन्याने सुटायचं. हे मला पाठ होतं. मी शिपाई आणि साहेब यांच्या मधून आत शिरले आणि बाबांच्या पुढे उभी राहिले.

"बाबा, चार मिनिटं अकरा सेकंद," मी म्हटलं.

"सेकंद मोजू नकोस. माणसं मोज."

आणि पाठीमागची ऊब गेली. बाबा बाजूला झाले. एक पाऊल, दुसरं, तिसरं, आणि फेरात शिरले.

"टिक, टिक, टिक! गुडघा सोडला तरी तीन!" साहेब जवळजवळ उडीच मारून म्हणाले. "झाले! तीन पदन्यास! पास!" शिक्केवाल्या बाईंनी जाता जाता त्यांच्या पाठीवर कागद ठेवला आणि ठक करून शिक्का मारला. अशा रीतीने माझे बाबा नर्तक झाले, नाच सोडल्यानंतर तीन पावलांनी.

साहेब पुढच्या फेरीला माझ्यासमोर आले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "आणि बाई, तुम्ही? तुम्ही इथे विनाकारण उभ्या आहात."

"सुरू आहे," मी ओठ न हलवता म्हटलं.

माझ्या पोटऱ्यांत मुंग्या आल्या. मान खाजली, मग कान, मग न दिसणारं काहीतरी. शिपाई म्हणाला, साडेपाचला खोलीला कुलूप लावायचं असतं, आणि तसाच पुढे गेला. मग डावीकडून बाबा आले. नाच त्यांना अजिबात येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. पाय भलतीकडेच पडत होते, दुखरा गुडघा मागून येत होता. माझ्यासमोर आल्यावर त्यांनी धाप टाकत सांगितलं, "मैदानात सतरावा मी. तुझ्या आईच्या जागी." आणि माझ्या उजव्या खांद्यापाशी दिसेनासे झाले.

मी माणसं मोजायला लागले. कारकून, अर्जवाल्या बाई, शिक्केवाल्या बाई, मामा. मामांनी डोळा मारला. मग पाचवा, सहावा, सातवा. मागे काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. गुडघा असेल. पडले असतील. वळून बघायला कितीसा वेळ लागतो? बसमध्ये दिवसातून हजार वेळा मी मागे वळते. अकरावा, बारावा. आईला नेलं तेव्हाही बाबा असेच पुढे बघत राहिले होते आणि मी त्यांना दगड म्हटलं होतं, तोंडावर. तेरावे साहेब. चौदावा शिपाई.

मग डाव्या खांद्यापाशी त्यांचा वाकडा पाय दिसला, आणि मागोमाग सगळे बाबा. घामाने निथळत होते, आणि तोंडावर एवढं मोठं हसू.

"भिंगरी," ते म्हणाले, "अगं, मागे केवढी मोठी खिडकी आहे!"

मी वळले नाही.