बुजवलेला कूड

हरिभाऊ बुवांनी चिपळ्या हातात घेतल्या तेव्हा ऊन देवळाच्या सर्वांत वरच्या पायरीवर होतं. हे त्यांनी मुद्दाम पाहून ठेवलं होतं. दत्तजयंतीचं कीर्तन म्हणजे जन्माचं कीर्तन. दिवस मावळतो त्या घडीला पाळण्याची दोरी ओढली गेली पाहिजे, गुलाल उधळला गेला पाहिजे आणि कथाही नेमकी तिथंच येऊन पोचली पाहिजे. आधी संपली तर बुवा घाईचा, मागे राहिली तर बुवा कच्चा. ग्वाल्हेरीस त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षं हे कीर्तन केलं, पण सूर्यानं त्यांना एकदाही चकवलं नव्हतं.

ते ग्वाल्हेर आता फार मागे राहिलं होतं. हरिभाऊंची एकुलती एक मुलगी गोदी, वय वर्षं सात. तिला दमा होता. उत्तरेतली थंडी हाडात शिरणारी, आणि तिकडच्या दोन हिवाळ्यांत पोरीचा भाता असा काही चाले की रात्ररात्र आईबापांनी तिला खांद्यावर घेऊन बसावं. वैद्यांनी शेवटी स्पष्टच सांगितलं की तिसरा हिवाळा ही इथं काढणार नाही, हिला खाली उबदार मुलखात न्या. मग जव्हार संस्थानच्या कचेरीत असलेल्या बळवंतरावांना पत्र गेलं. त्यांनी पूर्वी हरिभाऊंच्या वडिलांची कीर्तनं ऐकली होती. गावातल्या दत्तमंदिराची व्यवस्था त्यांच्याकडे होती. या, असं त्यांनी उलट कळवलं. जन्माचं कीर्तन करून दाखवा, लोकांना रुचलं तर बारा महिन्यांची सेवा आणि राहायला घर तुमचं. नाहीतर आल्या वाटेनं परत.

म्हणून बिऱ्हाड उठलं. आगगाडीनं नाशकापर्यंत आणि तिथून बैलगाडीनं त्र्यंबक, मोखाडा करत कार्तिकात जव्हारला पोचलं. येताना हरिभाऊंच्या डोळ्यांपुढं नारळीपोफळीचा दमट, उबदार मुलूख होता. गाडी मात्र घाट उतरून पुन्हा चढाला लागली आणि माळावर आली, आणि पहिल्याच पहाटे त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. तिथंच त्यांच्या मनानं धसका घेतला.

त्यात तोवर उतरायला दिलेलं हे घर. कौलं वर, पण भिंती कारवीच्या कुडाच्या. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत कूड शेणामातीनं लिंपलेला आणि त्याच्या वर, वळचणीखाली, हातभर पट्टा चारी बाजूंनी नुसता उघडा. कारवीच्या काड्यांतून आभाळ दिसायचं. ग्वाल्हेरीस दगडी भिंतीच्या घरात जन्म काढलेल्या माणसाला ते अर्धवट टाकलेलं काम वाटलं. त्यांनी पेंढा आणवला, जुन्या दुलया फाडल्या, शिडीवर चढून स्वतःच्या हातानं तो सगळा पट्टा बुजवला आणि वरून लिंपून काढला. मग तिकडच्या रिवाजाप्रमाणं आत कोळशाची शेगडी ठेवली. तिकडं ती थंडीभर पलंगाखाली धुमसत असे. छत दोन पुरुष उंच, वर झरोका, त्यामुळं कधी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

जामसरहून लाकडाची मोळी घेऊन येणारी बुधी ते काम बघत उभी राहिली होती. तिच्या घरची बोली वेगळी होती. मराठी बोले ती मोजकी, आणि राजापासून रंकापर्यंत सगळ्यांना तू म्हणे.

"घराचं नाक बुजवलास तू," ती म्हणाली. "धूर कुठं जाईल?"

हरिभाऊ हसले होते. पुराणातले दाखले तोंडपाठ असलेल्या माणसाला मोळीवालीनं घर शिकवावं, याचं हसू. पुढं गोदीचा खोकला वाढला तेव्हा त्यांना वाटलं, अजून कुठून तरी वारा शिरतो आहे. त्यांनी दाराच्या फटीही बुजवल्या. वनमालाबाई, त्यांची बायको, रोज सकाळी डोकं जड झालंय म्हणून सांगे. त्यावर ते म्हणत, डोंगरातलं हिव आहे, कान बांध. जितकी पोर दमे तितकं घर बंद होई, आणि जितकं घर बंद होई तितकी पोर दमे. पण हे त्यांना दिसत नव्हतं.

आज दुपारी देवळात निघताना गोदीची छाती कालच्याहून जोरात वाजत होती. हरिभाऊंनी शेगडीत दोन ओंजळी कोळसा जास्त घातला. वनमालाबाईंना बजावलं, मी येईपर्यंत दार उघडू नकोस, कुणीही येवो. दिवेलागणीचं वारं वाईट. तिनं मान हलवली. आतून कडी लागल्याचा आवाज ऐकूनच ते निघाले.

पूर्वरंग छान रंगला. देवळाचा मंडप गच्च भरला होता. गावातली व्यापारी आणि कचेरीतली मंडळी पुढं, बायका डावीकडं, आणि रानातल्या पाड्यांवरची माणसं बाहेर, पायऱ्यांच्या खाली, उभ्यानंच ऐकणारी. मध्यंतरी बुक्का लागला. बळवंतरावांनी स्वतः हार घातला. एकदा गळ्यात हार पडला की आरती होईपर्यंत बुवानं नारदाची जागा सोडायची नाही, हा दंडक. हरिभाऊंनी नमस्कार केला, पायरीकडं नजर टाकली आणि उत्तररंगाला हात घातला. ऊन खाली उतरत तिसऱ्या पायरीवर आलं होतं. वेळ ठीक होती.

आणि तेव्हाच त्यांना बुधी दिसली.

ती पाड्यावरच्या माणसांतून वाट काढत पायऱ्यांशी आली होती. डोक्यावर मोळी नव्हती, नुसती कमरेला कोयती. तिनं हाक मारली नाही. देवापुढं चाललेलं मोडायचं नाही एवढं तिलाही कळत होतं. तिनं एक तळहात नाकातोंडावर दाबून धरला, दुसऱ्या हातानं छाती थोपटली आणि गावाच्या वरच्या आळीकडं, त्यांच्या घराकडं, बोट दाखवलं. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच.

हरिभाऊंच्या जिभेवर सरस्वती नाचते असं लोक म्हणत. ती जीभ चालूच राहिली. मनात मात्र दुसरंच चाललं होतं. पोरीचा दम वाढला असेल, नेहमीसारखा, आई आहे जवळ. आणखी थोडा वेळ, जन्म झाला की धावत जाऊ. आता जागा सोडली तर सेवा गेली, घर गेलं, परत ग्वाल्हेर, परत तो हिवाळा. पोरीसाठीच तर उभं राहायचं आहे. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं. पेटीनं सूर दिला. ते अनसूयामातेच्या आश्रमाच्या वर्णनावर आले. वडिलांनी घालून दिलेलं वर्णन, शेकडो वेळा म्हटलेलं, झोपेतही न चुकणारं.

"अत्रिऋषींची ती पर्णकुटी कशी होती म्हणाल," त्यांचं तोंड बोलत होतं, "भिंती काटक्यांच्या. पूर्वेचा वारा येई नि पश्चिमेनं निघून जाई. होमाचा धूर क्षणभरही आत न थांबता वरच्या वर—"

हरिभाऊ थांबले.

टाळ आणखी दोन ठोके वाजून अडखळले. चेहरे वर झाले. पायऱ्यांशी बुधीचा तळहात अजून नाकावर होता.

त्यांनी वाकून चिपळ्या खाली ठेवल्या.

"मायबापहो," ते म्हणाले, "माझी पोर धुरात कोंडली आहे. कोंडली ती मीच. मला गेलं पाहिजे."

बळवंतराव अर्धे उठले. आवाज न चढवता म्हणाले, "बुवा, गळ्यात हार आहे. जन्म तोंडावर आलाय."

"देव काही यायचा राहणार नाही, रावसाहेब. पोरीचं तसं सांगता येत नाही."

पुढं कुणी काय म्हटलं ते त्यांनी ऐकलं नाही. पाय अनवाणी, डोक्यावर पगडी, गळ्यात झेंडूचा हार, अशा अवतारात ग्वाल्हेरचा कीर्तनकार जव्हारच्या रस्त्यानं धावत सुटला. पुढं बुधी. धावता धावता तिनं तुटक तुटक सांगितलं. मोळी टाकायला गेली होती. आत पोर वाजत होती, मग वाजायची थांबली. दार ठोठावलं तर बाय आतून म्हणाली, ते आल्याशिवाय उघडायचं नाही. कोयतीनं दार फोडते म्हटलं तर रडायला लागली. बाईचं बोलणं दारू प्यायल्यासारखं लागलं, तेव्हा हिनं देवळाची वाट धरली.

दाराशी येऊन हरिभाऊंनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि वनमालाबाईंचा आवाज, लांबून आल्यासारखा, "ते येऊ देत."

"अगं मीच आहे. कडी काढ."

तिला कडी सापडेना. हात दारावर फिरताना ऐकू येत होता, मग तोही आवाज थांबला.

बुधीनं वाट पाहिली नाही. तिनं दाराशेजारच्या कुडावर कोयती घातली. लिंपण फुटलं, कारवी कडाकडा मोडली. हरिभाऊंनी भगदाडात खांद्यापर्यंत हात घातला, काड्यांनी दंड सोलवटला, पण बोटं कडीला लागली. दार उघडताच आतली गरम, जड हवा अंगावर आली. धूर फारसा दिसतही नव्हता. वनमालाबाई उंबऱ्याशीच कोसळली होती. गोदी पलंगावर, मान एका बाजूला, ओठ जांभळाच्या रंगाचे.

त्यांनी पोरीला उचलून अंगणात आणलं. बुधी बाईला फरफटत बाहेर घेऊन आली. मग तिनं गोदीला हरिभाऊंच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतलं, बसती केली, पाठ वाऱ्याकडं, आणि मुठीनं पाठीवर चोळत राहिली. हरिभाऊ समोर गुडघ्यांवर. आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं तो या घडीला त्यांच्या जिभेवर आला नाही. ते नुसते पोरीच्या नाकपुड्या बघत होते.

गोदीची छाती हलली. थांबली. पुन्हा हलली. मग एक लांब, फाटका, शिट्टीसारखा श्वास आत गेला आणि ती खोकली. खोकत खोकत तिनं डोळे उघडले आणि रडायला तोंड वासलं. तिच्या रडण्याचा आवाज ऐकून वनमालाबाईंनीही डोळे उघडले आणि तिथंच ओकारी केली.

त्याच वेळी देवळाकडून टाळ्यांचा आणि जयघोषाचा गजर उठला. हरिभाऊंनी वर पाहिलं. ऊन कुठंच नव्हतं. जन्म झाला होता.

थोड्या वेळानं बळवंतराव आले. एका हातात चिपळ्या, दुसऱ्या हातात सुंठवड्याची पुडी. त्यांनी आधी पोरीकडं पाहिलं, मग भगदाडाकडं. हरिभाऊ उठून उभे राहिले, गळ्यातला हार काढून त्यांच्यापुढं धरला. बळवंतरावांनी तो घेतला नाही. देवळात काय झालं ते त्यांनी सांगितलं. टाळकऱ्यांनी नाम सोडलं नाही. वेळ भरत आली तशी बायकांतल्या दोघी म्हाताऱ्या उठल्या आणि त्यांना येत होता तसा पाळणा त्यांनी म्हटला. सूर कुठल्या कुठं गेला, पण दोरी वेळेवर ओढली गेली.

"आजवर कीर्तन अर्धं टाकून पळालेला बुवा मी पाहिला नव्हता," ते म्हणाले.

बळवंतरावांनी हातातल्या चिपळ्या ओट्यावर ठेवल्या.

"आरती मी करू दिलेली नाही. उद्या तिसऱ्या प्रहरी उरलेली कथा पुरी करा, मग आरती. तोवर देव पाळण्यात राहील." जाता जाता ते वळले. "आणि आधी हे घर नीट करून घ्या. राहायचंय ना तुम्हाला इथं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिभाऊ शिडीवर होते. त्यांनीच लिंपलेलं ते खरवडत होते, पेंढा ओढून खाली टाकत होते. गोदी ओट्यावर उन्हात बसून तो पेंढा गोळा करत होती. छातीत अजून घरघर होती, पण बारीक. बुधीनं मोळी टाकली आणि कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली.

"बुवा, तुझा देव रानातल्या झोपडीत जल्मला म्हणून गावभर सांगतोस," ती म्हणाली, "आणि पोरीला मडक्यात घालून वर झाकण ठेवतोस."

हरिभाऊ हसले. या वेळचं हसू ओशाळं होतं. दुपारी कथा सुरू करायची होती ती त्याच पर्णकुटीपासून, आणि ते वर्णन आपल्याला आता पूर्वीसारखं झोपेत म्हणता येणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

पट्ट्यातून दुलईचा एक निळा तुकडा निघाला. तो त्यांनी खाली उभ्या असलेल्या वनमालाबाईंना दिला. तिनं तो झटकला, घडी घातली आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "डोकं दुखतं म्हणून मी रोज सांगत होते."

"होय," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही."

ती आत गेली, शेगडी उचलून बाहेर आणली आणि अंगणाच्या पार टोकाला, कुंपणापाशी नेऊन ठेवली. परत येऊन तिनं दोन्ही हातांनी शिडी धरली. शिडी मघापासून डगमगत होती.