निशाणी क्रमांक सतरा: इतवारीच्या आकड्यावरची तार

'प्रतिवादी जबलपुरास राहतो व जबलपुरासच धंदा करतो. नागपुरात त्याने एक डबाही विकलेला नाही. सबब हा दावा ऐकण्याचा नागपूरच्या न्यायालयास अधिकार नाही.'

व्यापारी ताराचंद यांचे हे लेखी म्हणणे. रचना निर्दोष आहे. उणीव असेल तर ती सत्याची. कायदा प्रतिवादीचे घर कोठे आहे हे विचारतो, तसेच आगळीक कोठे घडली हेही विचारतो. तिचा काही भाग नागपुरात घडला असेल, तर नागपूरच्या न्यायालयाचे दार उघडेच राहते. तेव्हा ही सारी इमारत 'एक डबाही विकलेला नाही' या चार शब्दांवर उभी होती. ती कशी कोसळली, हे मी सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी तार आहे. १९७४ च्या मार्चमध्ये ताराचंदांनी जबलपूरच्या तारघरात माझा मजकूर दिला. नागपूरच्या तारघरात तो कागदावर उतरला आणि सायकलवरच्या तारवाल्याने मला इतवारीत, बाबारावांच्या किराणा दुकानी पोचवले. मजकूर एवढाच: 'गोपिका दंतमंजन दोनशे डबे आज रेल्वेने रवाना. ताराचंद.'

गोपिका हे मंजनाचे नाव नागपुरातल्याच सक्करदऱ्याच्या यमुताईंचे. चौदा वर्षे बारा बायकांना हाताशी घेऊन त्यांनी ते कमावले होते. ताईंनी जबलपुरास शाखा काढली असावी, असे बाबारावांना वाटले. त्यांनी मला वाचले आणि, प्रत्येक कागदाचे करीत तसे, मधोमध टोचून लोखंडी आकड्यावर चढवले. माझ्यावर शेकडो कागद आले. वर्षभर मी धुळीत पिवळी पडत राहिले.

इकडे ताराचंदांच्या मंजनात विटेची पूड होती. हिरड्या सोलवटलेली गिऱ्हाइके यमुताईंच्या दारी येऊन त्यांनाच बोल लावू लागली. ताईंनी दावा लावला, तेव्हा वरचे सुंदर म्हणणे दाखल झाले. ते टिकते, तर ताईंना प्रत्येक तारखेला जबलपूर गाठावे लागले असते. कारखाना बंद पडला असता आणि नाव चोराकडेच राहिले असते. त्यांचे वकील आनंदराव म्हणाले, नुसत्या साक्षीने भागणार नाही, कागद हवा.

गिऱ्हाइकांनी ते डबे बाबारावांकडूनच घेतले होते; ताई तडक इतवारीत गेल्या. "बाबाराव, तुमचा आकडा उतरवा गा एकदा."

"उतरवतो वं ताई. बायको म्हन्ते, हा कचरा फेका, नाही तं तुमालेच लटकवतो त्याच्यावर."

दोघांनी दुपारभर कागद उपसले. तळाशी मी सापडले. ताईंनी मला पदराने पुसले, आणि मी न्यायालयात निशाणी क्रमांक सतरा झाले.

ताराचंदांनी शपथेवर मला नाकारले. 'माझ्या नावाने तार कोणीही करील,' असे ते म्हणाले. आनंदरावांनी आवाज चढवला नाही. त्यांनी नम्रपणे मान्य केले की तार खोटी असू शकेल. माल बहुधा आलाच नसेल. ताराचंदांचा माल वेळेवर येत नाही, असे इतवारीत बोललेही जाते. ताराचंद जन्माने इतवारीचेच. वेळेवर माल पोचवण्याचा त्यांना भारी अभिमान. त्यांच्या वकिलाने खोकून पाहिले. उपयोग झाला नाही. न्यायाधीशांनी ताराचंदांचे उत्तर शब्दाला शब्द उतरवून घ्यायला सांगितले.

न्यायालयाच्या अधिकाराबद्दलची हरकत त्याच दिवशी फेटाळली गेली. पुढे नावही ताईंकडे परत आले आणि सक्करदऱ्यात बारा बायकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे वाटले.

आता मी निकाली दप्तरात पडून आहे. मित्रांनो, माझे एकच मागणे आहे: कागद जपा. खोटे बोलणाऱ्यांना तुमच्या विसराळूपणाचाच मोठा आधार असतो. माझ्या शेजारीच ताराचंदांची साक्ष बांधलेली आहे. तीत लिहिले आहे:

"ताराचंदचा माल लेट होते, असं कोन म्हन्ते? दोनशे डबे तिसऱ्या दिवशी इतवारीत पोचले होते. मी खुद बाबारावच्या दुकानात उभा राहून मोजून देले."