नाडीचा कॅमेरा

अक्षदा ओल्या पंच्याने बाबांचा चेहरा पुसायला लागली, तसे ते मान चुकवू लागले.

“फोटोसाठी पावडर कोण लावतं, बाबा?”

“मग काय तसाच बसू? तुझे सर बघतील ना गो!”

आता काय बोलायचं या माणसाला! कॅमेरा त्यांचं रूप बघणार नव्हता. रक्त आलं-गेलं की कातडीचा रंग कणभर बदलतो. डोळ्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, आणि त्यावरून नाडी कळते. पण पावडरीचा थर असला की सगळंच मुसळ केरात. अक्षदाचं संशोधन हेच होतं. त्याच कामासाठी जर्मनीतून दोन वर्षांचं बोलावणं आलं होतं आणि उद्या उत्तर द्यायचं होतं. आई गेल्यापासून काळाचौकीच्या या खोलीत दोघंच. बाबांना विचारलं की एकच ठरलेलं, “तुझं तू बघ.” त्यांच्या मनाचा थांग काही लागेना.

“एवढं सगळं लगेच कसं कळतं?” बाबांनी विचारलं.

“चेहऱ्याचे शेकडो तुकडे करायचे. पंगतीत एकच वाढपी असला तर शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत पहिला हात धुऊन मोकळा. इथे प्रत्येक पानाला वेगळा वाढपी, म्हणून सगळ्या तुकड्यांचा हिशेब एकदमच होतो.”

बाबांना ते पटलं. लॅपटॉपवर आकडा आला, बहात्तर.

“यंदा मंडळाचा अध्यक्ष लवू झाला म्हणे,” अक्षदाने मुद्दाम काडी टाकली. लवूचं आणि बाबांचं कधीच पटलं नव्हतं.

“होऊ दे की. चांगला माणूस आहे.” चेहरा कसा, अगदी देवमाणूस! आकडा मात्र सरसर चढत नव्वदवर गेला.

“बाबा, थापा!”

“अगो बाय माझे! हे तर चोर पकडायचं मशीन!” बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ती पण हसली. कितीतरी दिवसांनी घरात असं हसणं झालं होतं. आकडा हळूहळू खाली आला.

मग तिने न राहवून विचारलंच.

“बाबा, मी गेले तर चालेल ना तुम्हाला?”

बाबांनी पडद्याकडे एकदा बघितलं, आणि पटकन हात पुढे करून कॅमेऱ्याची काच तळव्याने झाकली.

“आधी हे बंद कर. मग सांगतो.”

अक्षदाने लॅपटॉप मिटला.

“जा गो बाय,” बाबा म्हणाले, “खुशाल जा.”